देवावर पूर्ण मनाने प्रीती: रोजच्या जगण्यात ती कशी रुजवावी

मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, सगळ्यांत पहिली आज्ञा कोणती? येशू जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं, त्या काळी घरोघरी पाठ असलेलं वचन म्हणून दाखवतो: ‘हे इस्राएला, ऐक, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे, तू आपला देव परमेश्वर ह्याच्यावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने व पूर्ण शक्तीने प्रीती कर.’ आणि पाठोपाठ दुसरी आज्ञा जोडतो: शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर.

हे वचन आपल्या किनाऱ्यावर फार जुनं आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, असं बेने इस्राएल हा कोकणातला ज्यू समाज परंपरेने सांगत आला आहे. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ हाताशी राहिले नाहीत, बाकीच्या प्रार्थना विस्मरणात गेल्या, पण ‘हे इस्राएला, ऐक’ एवढं तोंडात टिकलं, असं ते सांगतात. अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांचं सभास्थान आहे. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. रोज म्हटलेलं एक वचन एका अख्ख्या समाजाला देवापाशी धरून ठेवतं.

आपल्या ख्रिस्ती घरांत वचन पाठ असतं, भिंतीवरही लावलेलं असतं. माणूस अडतो तो ‘हे जमायचं कसं?’ इथे. पूर्ण मनाने म्हणजे सतत भरून आलेलं मन, डोळ्यांत पाणी, रिट्रीटच्या, म्हणजे प्रार्थना-शिबिराच्या, शेवटच्या रात्री वाटतं तसं काहीतरी, असं आपण धरून चालतो. ते दोन दिवसांत ओसरलं की आपली प्रीती खोटी होती असं वाटू लागतं. माझं म्हणणं असं की देव भावनेची उंची मोजत नाही. आयुष्याचा एखादा भाग आपण त्याच्यापासून बाजूला काढून ठेवलाय का, एवढंच तो पाहतो. थोडक्या ताकदीचा माणूसही पूर्ण मनाने प्रीती करू शकतो. खाली जो क्रम दिलाय तो मुद्दाम दिलाय. पहिली पायरी गाळून पुढे गेलात तर दमून जाल.

आधी त्याची प्रीती

योहानाच्या पहिल्या पत्रात (4:19) म्हटलंय की त्याने आधी आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. हा क्रम उलटा करणारे ख्रिस्ती लोक मी फार पाहिले आहेत. प्रार्थना, उपास, सेवा सगळं चोख, आणि आत सतत धाक, की देव खूश आहे की नाही. अशी माणसं प्रामाणिक असतात, पण थकलेली असतात.

लूकच्या सातव्या अध्यायात शिमोन परूश्याच्या घरी एक बदनाम बाई येते, येशूच्या पायांशी रडते, केसांनी पाय पुसते. येशू म्हणतो, तिला पुष्कळ क्षमा मिळाली म्हणून तिची प्रीती पुष्कळ. यजमान शिमोनाने तर पाय धुवायला पाणीही दिलं नव्हतं. आपल्याला काही क्षमा हवी आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून पहिले तीन आठवडे दुसरं काही करू नका. पहिल्या आठवड्यात रोज लूक 7:36-50 वाचा, दुसऱ्यात लूक 15, तिसऱ्यात रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली पहिली अकरा वचनं. तोच उतारा आठवडाभर. वाचून झालं की वहीत एक ओळ लिहा: देवाने मला कशातून बाहेर काढलं, कोणती चूक पोटात घातली, कोणत्या माणसाच्या हातून सांभाळलं. मोघम ‘आरोग्य दिलं, कुटुंब दिलं’ असं लिहू नका. ‘बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री शेजारचा रिक्षावाला पैसे न घेता थांबला’ असं लिहा. 103व्या स्तोत्रात दावीद स्वतःच्या जिवालाच बजावतो की त्याचे उपकार विसरू नकोस. विसरणं माणसाच्या अंगातच आहे, म्हणून लिहून ठेवायचं.

दिवसाच्या चार वेळा

‘अनुवाद’ पुस्तकात त्या आज्ञेच्या थोडं पुढचं वचन सांगतं, की ही वचनं घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना बोलत जा. मोशेने इथे मंदिराचं नाव काढलेलं नाही. दिवसभरातल्या या चार साध्या वेळा आहेत आणि त्या कोकणातल्या कुठल्याही घरात सापडतात.

उठताना. ‘सकाळी सहाला प्रार्थना करा’ हा सल्ला बंदरावरच्या घराला लागू पडत नाही. बोट भरती पाहून सुटते. एक दिवस पहाटे तीनला, आठवड्याने कुठल्या भलत्याच वेळी. म्हणून प्रार्थना घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. खलाशाने इंजिन चालू करण्याआधी, मावशीने म्हावऱ्याची टोपली डोक्यावर घेण्याआधी, आईने चुलीवर पहिलं आधण ठेवताना, मुलांनी मोबाईल हातात घेण्याआधी. दोन मिनिटं पुरेत. म्हणायचं तेच वचन, आणि पुढे एक वाक्य: ‘देवा, आजचा दिवस तुझा.’

वाटेने चालताना. एसटीची वाट पाहण्यात आणि एसटीत बसण्यात कोकणात माणसाचं किती आयुष्य जातं! तो वेळ पाठांतराला द्या. 23वं स्तोत्र बहुतेकांना येतंच. पुढे 121वं घ्या, मग 103वं. आणि ज्यांच्या घरचं कुणी समुद्रावर आहे त्यांनी 107व्या स्तोत्रातली 23 ते 30 ही वचनं जरूर पाठ करावीत. गलबतातून समुद्रावर जाणारे, लाटांनी वर-खाली होणारे, संकटात देवाला हाक मारणारे आणि हव्या त्या बंदरात सुखरूप पोचणारे लोक त्यात आहेत. वादळाचा बावटा लागलेल्या रात्री हे स्तोत्र घरात मोठ्याने म्हणून पाहा.

घरी बसलेला असताना. संध्याकाळी काही घरांत तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, होतो, काही घरांत कौटुंबिक उपासना, काही घरांत दोन्ही बंद पडलेलं असतं. बंद पडलं असेल तर पुन्हा सुरू करताना लहान करा. एक गीत, पाच-सहा वचनं, प्रत्येकाचं एक वाक्य, प्रभूची प्रार्थना. दहा मिनिटांत आटपा. मुलांना कंटाळा येईस्तोवर ताणलेली उपासना मुलं मोठी झाल्यावर टाळतात.

आणि इथे भाषेबद्दल थोडं. प्रार्थना करायची म्हटलं की आपली माणसं पुस्तकी मराठीत शिरतात, ‘हे दयाघन परमेश्वरा’ पासून सुरू होतात आणि मनातलं तसंच राहून जातं. घरच्या बोलीत बोला. ‘देवा, माज्या झिलाक सांभाळ, माका भ्या वाटता’ ही प्रार्थना पूर्ण आहे. वसईत कुणी कादोडीत बोलेल, कोर्लईत कुणी तिथल्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत. ज्या भाषेत आपण रागावतो आणि ज्या भाषेत लेकराला जवळ घेतो, त्या भाषेत देवाशी बोललो की मन आपोआप पूर्ण येतं.

निजताना. अंथरुणावर पडल्यावर दिवस उलटा आठवा, रात्रीपासून सकाळकडे. कुठे देवाचा हात दिसला तिथे आभार माना, कुठे आपण घसरलो तिथे क्षमा मागा. झोप लागली तर लागू द्या.

बुद्धी बाजूला ठेवू नका

‘देवाच्या बाबतीत डोकं चालवू नये’ असं म्हणणारे आहेत. येशूने बुद्धीचं नाव घेतलं आहे, तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटतो. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी 1829 मध्ये मुंबईत उतरले आणि मराठी शिकण्यासाठी बाणकोट-हर्णेकडे येऊन राहिले. ज्या लोकांशी देवाबद्दल बोलायचं त्यांची भाषा आधी नीट शिकणं हा त्यांच्या प्रीतीचा भाग होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 मध्ये जन्मलेले रेव्हरंड ना. वा. टिळक वाचत, वाद घालत, शोधत ख्रिस्ताकडे आले आणि पुढे मराठी मंडळ्यांना अभंग-भजनांच्या वळणाची गाणी देऊन गेले.

करायचं एवढंच: मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, रोज एक. सलग वाचा, आवडीची वचनं वेचत फिरू नका. जिथे अडेल तिथे वहीत प्रश्न लिहा आणि महिन्यातून एकदा फादरांना किंवा पाळकांना गाठून विचारा. शंका लपवून ठेवली तर तेवढी बुद्धी देवापासून बाजूला राहते.

शक्ती म्हणजे पैसा, माप आणि सातबारा

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण आपली ‘पूर्ण’ प्रीती सर्वांत जास्त इथेच अपुरी पडते.

मार्कचा बारावा अध्याय पुढे वाचत जा. पहिली आज्ञा सांगून झाल्यावर येशू थोड्याच वेळात शास्त्र्यांवर कोरडे ओढतो: हे लोक विधवांची घरं गिळंकृत करतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. लगेच पुढचं दृश्य मंदिराच्या भांडारासमोरचं. एक गरीब विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकते, आणि येशू शिष्यांना बोलावून म्हणतो, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. पहिली आज्ञा, विधवांची घरं, विधवेचं दान, सगळं एकाच अध्यायात. ही मांडणी मला योगायोगाची वाटत नाही.

दानापासून सुरू करू. उरलं तर देऊ, असं ठरवलं तर उरत नाही. वसई-उत्तनकडच्या ख्रिस्ती गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो, नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. रीत सुंदर आहे. ती लोंब्यांपुरती राहू नये. मच्छीचा हिशेब झाला, आंब्याचे पैसे हातात आले, पगार जमा झाला, की खर्चाला हात लावण्याआधी ठरलेला भाग वेगळा काढा. दशमांश जमत नसेल तर जे जमेल तिथून सुरुवात करा, पण आधी काढा आणि गुपचूप द्या. निम्मं मंडळीला, निम्मं गावातल्या अडलेल्या घराला, असं मी सुचवेन. अडलेलं घर ख्रिस्ती असलं पाहिजे असं काही नाही. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात याच आज्ञेच्या पोटात आली आहे.

मग माप. आंब्याची पेटी भरताना एकदा जवळून पाहा. गवताचा थर, त्यावर फळं, पुन्हा गवत. वरच्या थरात मोठी, डाग नसलेली, केशरी झाक आलेली फळं, आणि तळाशी हाताने दाबून बसवलेली लहान. गिऱ्हाईक वरचा थर पाहून पैसे देतो. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परराज्यातला आंबा आपल्या पेटीत घालून आपल्या नावाने विकणारे आहेतच, आणि फळ लवकर पिवळं व्हावं म्हणून बंदी असलेलं कार्बाईड वापरणारेही. नीतिसूत्रांत (11:1) खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असं स्पष्ट म्हटलंय. तळाच्या थरातही वरच्यासारखीच फळं भरणारा बागायतदार देवावर शक्तीने प्रीती करतो, मग त्या वेळी तो गीत म्हणत असो की नसो.

आणि सातबारा. कोकणात एका उताऱ्यावर सात-आठ नावं असतात, निम्मी मुंबईत, काही वारलेली. वडील गेले की भाऊ बहिणीकडे जातात, हक्कसोडपत्रावर सही कर म्हणतात, ‘आपल्यात कसलं आलंय, गणपतीला, नाताळला माहेर आहेच की तुला’ म्हणतात. ती डोळ्यांत पाणी आणून सही करते. विधवा वहिनीचं तर नावच चढवायचं राहून जातं. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा या बाबतीत सरळ आहे: मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी यांना सारखा वाटा. बहीण खुशीने सोडत असेल तर गोष्ट वेगळी. पण तिला आधी तिचा हक्क किती आहे हे कळलं पाहिजे, आणि नाही म्हणायची मोकळीक असली पाहिजे. रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्या माणसाने हा अध्याय वाचून एकदा तलाठी कार्यालयातून उतारा काढावा आणि कुणाचं नाव गळलंय ते पाहावं. गळलं असेल तर वारसनोंदीचा अर्ज करावा. देवावरची प्रीती कागदावर उतरते ती अशी.

भावाकडे जाणं

ज्याला आपण पाहतो त्या भावावर प्रीती नाही, तर न पाहिलेल्या देवावर कशी करणार, असं योहान विचारतो. आणि डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर.

पाणंदीवरून, फणसाच्या फांदीवरून, वाड्यातल्या गडग्यावरून आपल्याकडे वीस-वीस वर्षं अबोला चालतो. तो सोडवायला निघाल तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवू नका, घरी जा. सणासुदीची गर्दी टाळा, एकटे जा. पहिल्या भेटीत जमिनीचा विषय काढू नका. आपली चूक तेवढी बोला, ‘तूही तेव्हा’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. समोरच्याने दार लावलं तर शांतपणे परत या आणि रोजच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेत राहा. हद्दीचा वाद खरा असेल तर मोजणी आणा, कायद्याने सोडवा. त्यात पाप नाही. द्वेष मात्र घरी घेऊन झोपू नका.

एक गोष्ट ठासून सांगतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘देवावरच्या प्रीतीखातर सहन कर’ असं सांगणं चूक आहे. तिने सुरक्षित ठिकाणी जावं, पोलिसांची मदत घ्यावी, आणि मंडळीने तिच्यामागे उभं राहावं. शेजाऱ्यावर ‘स्वतःसारखी’ प्रीती करायची आहे. त्यात तिचा स्वतःचा जीव मोजलेला आहे.

मन कोरडं पडलं की

ते पडतंच. प्रार्थनेला बसावं तर शब्द नाहीत, गीत ओठांवर आहे आणि आत काही हलत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा कोळीवाड्यात माणसं जाळी पसरून फाटलेला भाग विणत बसतात. मासा नसतो, तरी काम मासेमारीचंच असतं. कोरड्या दिवसांतली प्रार्थना तशी करा: तीच वेळ, तेच स्तोत्र, थोडक्यात, न चुकता. 13वं स्तोत्र ‘कोठवर?’ असा प्रश्न विचारत सुरू होतं. 88वं तर अंधारातच संपतं. पवित्र शास्त्राने असे शब्द आपल्या तोंडी दिलेत, तर ते म्हणायला बिचकू नका. मात्र झोप, भूक उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. ते औषध घेणं हा विश्वासाचा अभाव नाही.

आपल्याच चुकीने दुरावा आला असेल तर योहानाचा एकविसावा अध्याय वाचा. पेत्राने तीनदा येशूला नाकारलं होतं. रात्रभर जाळं टाकून काही मिळालं नव्हतं. पहाटे किनाऱ्यावर येशू निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर ठेवून वाट पाहत होता. उजवीकडे जाळं टाका म्हणाला, 153 मोठे मासे आले. आधी न्याहारी दिली, मग तीनदा विचारलं, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ आणि प्रत्येक उत्तरावर काम सोपवलं: माझी मेंढरं चारत जा, पाळत जा. पेत्राकडून त्याने त्या नाकारण्याचा हिशेब मागितला नाही. तेव्हा परत येताना शिक्षा म्हणून लांब उपास वगैरे स्वतःला ठोठावू नका. मंडळीत एखादं काम मागून घ्या: आजाऱ्याची भेट, संडे स्कूलचा वर्ग, चर्चच्या आवाराची सफाई. प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीने पहिली प्रीती सोडली होती. तिलाही प्रभू हेच सांगतो: आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्यं पुन्हा कर.

एकट्याने नको

सोबतीला एक माणूस शोधा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई. नवरा-बायकोने एकमेकांना धरलं तरी बाहेरचं एक असावं. मुलं मुंबईला, आपण गावात, आजूबाजूला ख्रिस्ती घरं दोनच, अशी स्थिती असेल तर फोनवर चालेल. आठवड्यातून अर्धा तास, ठरलेला वार. तीन प्रश्न विचारायचे. या आठवड्यात देवाचा उपकार कुठे दिसला? पैसा, जमीन, माणूस, मोबाईल यांपैकी काय त्याच्यापासून बाजूला ठेवलंस? कुणाकडे जायचं राहिलंय? ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, मधे बोलायचं नाही, आणि ऐकलेलं तिसऱ्या कानी जाऊ द्यायचं नाही. ऐकून झालं की त्याचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करायची, आणि पुढच्या आठवड्यात तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करायची: गेलास का?